जुन्या फॅशन-प्रेमकादंबऱ्या मागवण्याआधी

"पॅरिसचं फॅशन हाऊस, तिथे नोकरीला लागलेली मुलगी आणि खडूस मालक, ते पुस्तक आहे का?" असा फोन आठवड्यातून दोनदा तरी येतो. आहे. अशी अर्धं कपाट आहेत, म्हणून घोटाळा होतो.

या कथा मुख्यतः ब्रिटनच्या मिल्स अँड बून या प्रकाशनाच्या. 1957पासून कॅनडाची हार्लेक्विन त्याच कथा पेपरबॅकमध्ये काढू लागली आणि काही वेळा नावच बदललं. मुखपृष्ठ वेगळं, नाव वेगळं, आत गोष्ट तीच. गिऱ्हाईक दोन्ही घेतं आणि चौथ्या पानावर नायिका ओळखीची निघाली की आम्हाला फोन करतं. तेव्हा घरी आहेत त्या प्रतींचे फोटो आधी पाठवा. मुखपृष्ठाचे नकोत, आम्हाला ती सगळी पाठ आहेत. नावाच्या पानाच्या मागची बाजू हवी. मूळ साल तिथे बारीक टायपात असतं, बदललेलं नावही बहुधा तिथेच सापडतं. आम्ही ताडून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. न विचारता मागवलेलं दुबार पुस्तक मात्र परत घेत नाही. पानं शिवलेली नसतात, नुसती चिकटवलेली; दोनदा टपालातून फिरलं की कणा सुटतो.

आणखी एक. त्यातली 'मॅनिकिन' म्हणजे काचेतला पुतळा नव्हे, गिऱ्हाइकांसमोर कपडे घालून चालणारी मुलगी. गाऊनची वर्णनं लांबतात, ही तक्रारही येते. ब्रिटनमध्ये 1941 ते 1949 कपड्यांना रेशन होतं, कूपनं मोजावी लागत. त्या वाचकांना पानभर रेशीम जास्त वाटलं नसणार.

सुरुवात कुठून करू म्हणाल, तर मेरी बर्चेल. खरं नाव आयडा कुक, लंडनमधली टायपिस्ट. पुढे फॅशन मासिकात काम केलं. कादंबऱ्यांच्या कमाईवर तिने आणि बहीण लुईझने युद्धाआधी 29 जणांना नाझींच्या तावडीतून बाहेर काढलं. निर्वासितांचे फरकोट अंगावर घालून सीमेपार आणायच्या, आणि संशय नको म्हणून आत लंडनच्या दुकानांची लेबलं शिवायच्या. हे कळल्यावर तिच्या नायिकेने अस्तराला टाका घातला की आम्ही तरी जरा थांबतो.

बर्चेलच्या प्रती फार दिवस टिकत नाहीत. यादीत नाव घालून ठेवा, आली की आधी यादीतल्यांना कळवतो.