शेतीच्या गावातला रविवार : थोडी पार्श्वभूमी

कापूस फुटला की विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना आणि वेचणी एकाच वेळेवर येतात. वेचणीची मजुरी किलोवर. सकाळ देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेली तर संध्याकाळी काट्यावर तेवढं वजन कमी भरतं. त्यात गावचा बाजार रविवारी असला तर बघायलाच नको. ‘पूर्वीची माणसं रविवार कसा पाळायची!’ असं मंडळीत नेहमी ऐकू येतं, पण ही ओढाताण फार जुनी आहे.

प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून मंडळीने हा दिवस धरला. तीनेकशे वर्षं त्या दिवशी सुटी मात्र नव्हती. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजानला कळवलं, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. त्याने चौकशीसाठी धरलेल्यांत दोन दासी होत्या. त्यांना कोण सुटी देणार? पुढे ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवायचा हुकूम काढला. त्याच हुकमात शेतकऱ्याला वगळलं होतं, कारण पेरणीचा नेमका दिवस हातचा जाऊ नये. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यातून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली, ती मुंबईच्या गिरणी कामगारांना. शेतमजूर तेव्हाही बाहेरच राहिला.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये आले. नंतर अकोला-अमरावतीकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन मिशन उभं राहिलं. मिशनच्या आवारात राहणाऱ्याला घंटा ऐकू येई. लांबच्या खेड्यातल्या कुटुंबाला प्रचारक येईल तेव्हाची उपासना, एरवी घरचीच प्रार्थना. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये छापलं गेलं, पण वाचता येणारे किती? अशा घरांत भक्ती टिकली ती गाण्यावर. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची, भजनाची चाल दिली, आणि टाळ-ढोलकीवर बसलेलं पद अक्षरओळख नसलेल्या आजीलाही पाठ होतं. माझ्या मते विदर्भातल्या ख्रिस्ती घरांवर देवळातल्या प्रवचनांपेक्षा या भजनांचे उपकार जास्त आहेत.

संडे स्कूलचा उगमही कष्टकरी घरांतलाच. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला १७८०च्या सुमारास रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर राबणाऱ्या पोरांना रविवारी वाचायला शिकवायला सुरुवात केली. भारतात या कामाची संघटना १८७६ मध्ये झाली. आज मुलांना तिकडे पाठवून मोठी माणसं सुटकेचा श्वास टाकतात, तो भाग वेगळा!

हंगामाच्या सणाला मात्र शेत देवळात येतं: ज्वारी, तूर, कापूस, एखादी कोंबडी, आणि मग या अर्पणांचा लिलाव. हे जमतं, तर वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत उपासना संध्याकाळी नेण्यात पाळकांना (धर्मगुरूंना) आणि मंडळीच्या वडीलमंडळींना अडचण वाटू नये. सकाळची वेळ काही शास्त्रात, म्हणजे बायबलात, नेमून दिलेली नाही. घरच्यांनी शनिवारी रात्रीच शास्त्रभाग वाचून ठेवावा, एक भजन मुलांकडून बसवून घ्यावं आणि बाजाराची पिशवी घरच्या एकावर सोपवावी, दर आठवड्याला त्याच बाईवर नव्हे.