वर्गणी तालमीला द्या

गणपती किंवा नवरात्र जवळ आलं की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एकच हिशेब सुरू होतो: मंडप किती, साउंड किती, बाहेरून आणायचा ऑर्केस्ट्रा किती. तळमजल्यावर दर गुरुवारी तालमीला जमणाऱ्या भजनी मंडळाचा पखवाज मात्र पुडी (तोंडावरचं कातडं) फाटली म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो. माणसं जवळ यावीत हा हेतू असेल, तर हा हिशेब उलटा आहे.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये एक साधी गोष्ट तपासली. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची मर्यादा त्यानंतर वाढलेली दिसली. नुसतं संगीत ऐकणाऱ्यांची वाढली नाही. वेदना मोजायचं कारण एंडॉर्फिन. मेंदूत पाझरणारं हे रसायन थेट मोजणं कठीण, पण ते वाढलं की दुखणं कमी जाणवतं. माकडं एकमेकांच्या अंगातल्या उवा वेचत बसतात, तेव्हाही त्यांचं नातं याच रसायनावर घट्ट होतं असं मानतात. थोडक्यात, खुर्चीवर बसून ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्या तीनशे जणांपेक्षा सतरंजीवर टाळ कुटणाऱ्या पंधरा जणांच्या मेंदूत जास्त काही घडत असतं.

गाण्यातच काही जादू आहे, असं मात्र नाही. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने तपासले गेले. गाणाऱ्यांची जवळीक पहिल्या महिन्यातच वाढली, पण शेवटी तिन्ही वर्ग सारखेच जवळ आले होते. म्हणजे रांगोळीचा गटही चालेल, फक्त तो दर आठवड्याला भरला पाहिजे.

तालीम टिकते की मोडते, हे बऱ्याचदा अगदी क्षुल्लक गोष्टींवर ठरतं. बसण्याची जागाच घ्या. चाळीच्या गॅलरीत माणसं एका ओळीत बसतात आणि टाळ एकसाथ पडत नाहीत. दोष टाळकऱ्यांना दिला जातो, पण चूक अंतराची असते. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवरच्या माणसाला पखवाज ४० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेतच गेला! उपाय फुकटचा आहे: समोरासमोर दोन ओळी, मध्ये पखवाज आणि पेटी, कोणीही पखवाजापासून चार मीटरपेक्षा लांब नाही. नव्या टॉवरच्या हॉलमध्ये फरशी आणि काचा आवाज परतवतात, तिथे जाड सतरंजी आणि पडदे हवेतच. लहान खोलीत टाळांच्या चार-पाच जोड्या पुरे. जास्त झाल्या की शब्द ऐकू येत नाहीत.

पखवाजाची निगा हा दुसरा मुद्दा. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उठणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून त्याचा नुसता धबधब आवाज होतो. उजव्या पुडीवर मधोमध लोहकिसाची शाई बसवली की वजनामुळे हे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत येतात आणि कातडं सुरात बोलतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० आणि १९३४मध्ये हे मांडलं. डाव्या बाजूच्या पुडीला, म्हणजे धुमेला, वजन देण्याचं काम ओल्या कणकेचा गोळा करतो. ती पुरीएवढी, मधोमध, कडेला पातळ अशी थापायची. कमी झाली तर धूम वाजते पण घुमत नाही, जास्त झाली तर मुकी होते. तालीम संपली की कणीक काढून धूम ओल्या फडक्याने पुसायची. राहिली तर वाळून कातडं ओढते, शिवाय मुंबईत झुरळं आणि उंदीर आहेतच. पावसाळ्यात कातडं दमट होऊन सूर उतरतो, तेव्हा वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवतात. मात्र वाजवून झाल्यावर ताण उतरवायला विसरलात तर कोरड्या दिवसात पुडी फाटते.

आणि सूर. पुरुष बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात. त्याच पट्टीत बायकांचा आवाज खाली दबतो, त्या पुटपुटतात आणि महिन्याभरात येईनाशा होतात. लोक म्हणतात, "त्यांना आवडच नाही." मुळात त्यांची पट्टी साधारण काळी चार. काळी एकला लावलेला पखवाज त्या पट्टीत मध्यमावर (म या सुरावर) बोलतो, त्यामुळे वाद्य न बदलता चालून जातं. दर दुसरा अभंग त्यांच्या पट्टीत घ्यावा. (मध्यम वर्ज्य असलेला राग टाळावा, नाहीतर कान किटतात.)

सगळे मिळून वाजवू लागले की लय नकळत चढते. एकट्याने टिचक्या मारण्यापेक्षा जोडीने मारताना वेग जास्त वाढतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. म्हणून लय धरून ठेवणारा एकच माणूस नेमावा, आणि तो बुवा नसावा.

वेळही सांभाळावी लागते. निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र दहाला सुरू होते. आठ ते साडेनऊ ही वेळ ठेवली तर वरच्या मजल्यावरचा शेजारीही सोबत राहतो.

एक खोट मात्र मान्य करायला हवी. एकत्र ताल धरल्याने आपली माणसं घट्ट होतात, आणि त्याच घट्टपणामुळे भाड्याने आलेलं नवं कुटुंब दाराबाहेर राहतं. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त कळते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवलं होतं. मंडळाचा खरा फायदा तोंडओळखी वाढण्यात आहे. म्हणून वर्गणीतून पुडी आणि पखवाज शिकवणाऱ्याचं मानधन सुटलं की टाळांच्या दोन जोड्या जास्तीच्या घ्याव्यात. नव्या माणसाला त्यातली एक द्यायची आणि मागे नव्हे, पखवाजाच्या शेजारी बसवायचं. तिथे ठेका सर्वांत आधी पोचतो, आणि त्याची चूक पखवाजात बुडून जाते.