बियाणे आणताना सोबत कोरे बियाणेही आणा

नवे वाण निवडता यावे म्हणून आम्ही लोकांच्या बियाण्याला गॅमा किरण देऊन देतो. असे किरण दिलेले बियाणे पेरले की उत्पादन वाढते का, हे जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. त्याच हंगामात सहसा नाही. पहिल्या पिढीत रोपे खुजी राहतात, परागकण वांझ निघतात, दाणे कमी भरतात. गॅमा किरणांमुळे गुणसूत्रे तुटतात, जनुके बदलतात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात. एखादाच कामाचा निघतो आणि तोही बहुधा दुसऱ्या पिढीत डोळ्यांना दिसतो. कॅलिफोर्नियातला 'कॅलरोज ७६' हा बुटका, न लोळणारा भात १९७६ साली आला, तो अशाच निवडीतून. म्हणून पहिल्या पिढीचे पीक पाहून निराश होऊ नका, प्रत्येक झाडाचे बी वेगळे काढून ठेवा.

आता आमची खरी अडचण. लोक असेल नसेल तेवढे सगळे बियाणे किरणांसाठी देतात आणि पंधरा दिवसांनी फोन येतो: "किरणांची मात्रा जास्त झाली, रोपे वाढतच नाहीत." असेलही. पण बियाणे जुने असेल, फार कोरडे असेल, तरी रोपे अशीच दिसतात. त्याच पोत्यातले कोरे, म्हणजे किरण न दिलेले बियाणे शेजारी पेरलेले नसेल, तर कारण सांगता येत नाही. हंगाम मात्र हातचा जातो.

नुसती उगवण मोजूनही फसगत होते. फार मोठी मात्रा दिलेले बीसुद्धा चौथ्या दिवशी कोंब काढते, कारण आत तयार असलेल्या पेशी पाणी पिऊन लांबतात. नव्या पेशी होत नाहीत, म्हणून रोप बोटाच्या पेराएवढे होऊन तिथेच थांबते. यासाठी चौदाव्या दिवशी उंची मोजा आणि कोऱ्या रोपांशी ताडून पाहा. ज्या मात्रेला उंची निम्मी भरते, तिच्या आसपासची मात्रा निवडीसाठी धरतात. पिकापिकाचीच काय, वाणावाणाची मात्राही वेगळी निघते.

म्हणून कोऱ्या बियाण्याची पुडी नसेल तर आम्ही काम घेत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण त्यात तुमचाच हंगाम वाचतो. आधी थोड्या बियाण्यावर चार-पाच मात्रांची चाचणी आम्ही एकाच फेरीत करून देतो आणि प्रत्येक पुडीला प्रत्यक्ष किती ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मिळाले त्याची नोंद जोडतो. "मागच्या वर्षीइतकीच मिनिटे ठेवा" असे कृपया सांगू नका. ज्यातून हे गॅमा किरण निघतात त्या कोबाल्ट-६० ची ताकद महिन्याला सुमारे एक टक्क्याने उतरते, त्यामुळे वेळ दर वेळी नव्याने काढावा लागतो. जुन्या लेखातली मात्रा किलोराड या जुन्या एककात असेल तर दहाने गुणा, म्हणजे ग्रे मिळतील.

किरण दिलेले बियाणे किरणोत्सर्गी होत नाही, हाताळायला भीती नाही. मात्र ते ठेवून देऊ नका, लवकर पेरा.

ओलावा १२ ते १४ टक्के असू द्या. वाण, काढणीचे साल आणि ओलावा लिहिलेली चिठ्ठी पुडीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली निघून जाते.