गिरणगावातले टॉवर आणि १९८२चा संप

‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या, म्हणून लालबाग-परळमध्ये टॉवर उभे राहिले’, असे विधान मुंबईत गेली चार दशके बिनदिक्कत केले जाते. ते अर्धेच खरे आहे.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांचे अतोनात नुकसान झाले, हे नाकारता येत नाही. परंतु संपानंतरही अनेक गिरण्या, कमी कामगारांवर का होईना, पुढे वर्षानुवर्षे चालू होत्या. जमिनीचे रूप पालटले ते नियमांनी. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या विक्रीयोग्य ठरलेल्या जमिनीचे मालक, महापालिका (उद्यानांसाठी) आणि म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण (घरांसाठी), असे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले. मालकांनी ते टाळण्यासाठी विकासच लांबवला, आणि २००१च्या दुरुस्तीने वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. म्हणजे शेड पाडून रिकामी होणारी जागा मालकाकडेच राहिली. हा बदल लहानसा दिसतो, पण सगळी मेख त्यातच आहे. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. उद्याने आणि कामगारांची घरे यांच्यासाठीचा वाटा आक्रसला तो या कागदावर, संपाच्या मैदानात नव्हे.