श्वासाच्या स्नायूंची वीज: छातीवर लावायच्या ईएमजीमागचा इतिहास

आपल्याकडे कोणाला धाप लागली की आधी बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि आकडा ९६ दिसला की घरचे निर्धास्त होतात. पण तो आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा, तो टिकवायला छातीचे आणि मानेचे स्नायू किती राबतायत ते त्यात कुठेच दिसत नाही. हे राबणं स्नायूंची वीज टिपून, म्हणजे ईएमजीने (इलेक्ट्रोमायोग्राफीने), थेट मोजायची धडपड मात्र जुनी आहे.

स्नायू आवळला की वीज निर्माण होते हे माणसाच्या शरीरात पहिल्यांदा दाखवलं ते बर्लिनच्या एमिल द्यु बुआ-रेमोंने, साल १८४९. त्वचा विजेला फार अडवते म्हणून त्याने हातावर फोड उठवून वरची कातडी काढली, आणि मग हजारो वेढ्यांच्या गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे वीज दाखवणाऱ्या यंत्राचा काटा हलला! पुढे १९२९ मध्ये एड्रियन आणि ब्राँक या शास्त्रज्ञांनी पोकळ सुईच्या आत इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी तार बसवली, त्यामुळे नेमक्या एका जागेचा सिग्नल मिळायला लागला. पण बरगड्यांमध्ये सुई म्हणजे खाली लगेच फुप्फुस, ते टोचलं तर हवा बाहेर येऊन फुप्फुसच आकसतं, त्यामुळे धापेच्या पेशंटला हे रोज करायची गोष्ट नव्हतीच.

मग १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की पेशंट दगावतायत ते स्नायू लुळे पडून श्वासच पुरत नाही म्हणून, आणि मेडिकलच्या मुलांनी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत लोक जगवले. श्वासाचे स्नायू हा विषय किती जीवघेणा आहे ते या साथीने जगाला दाखवलं असं मला वाटतं.

त्याच दशकात लंडनमध्ये मोरन कॅम्पबेल या डॉक्टरने त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मान आणि पोटाचे स्नायू तपासले. शांत श्वासात पोटाचे स्नायू गप्प असतात, मानेचा मोठा स्नायूही जवळपास तसाच, श्वास वाढला की मग एकेक कामाला लागतो. आज ओपीडीत मानेच्या शिरा-स्नायू ताणलेले बघून आपण पेशंट गंभीर आहे म्हणतो, त्याला मोजमापाचा आधार इथून मिळाला. डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य पडदा, मात्र आत खोल, म्हणून १९६० ला बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने इलेक्ट्रोड अन्ननलिकेतून खाली सोडले. १९७९ मध्ये माँट्रियलच्या गटाने दाखवलं की डायफ्रॅम थकायला लागला की सिग्नलमधल्या वरच्या फ्रिक्वेन्सी कमी होऊन खालच्या वाढतात, आणि १९९९ ला सिंडरबी या संशोधकाच्या टीमने याच अन्ननलिकेतल्या सिग्नलवर व्हेंटिलेटर चालवून दाखवला.

पण नळी गिळायला किती पेशंट तयार होतील? म्हणून गाडी परत त्वचेवर आली, आणि इथे आडवं येतं ते हृदय. त्याचा सिग्नल स्नायूच्या कितीतरी पट मोठा, म्हणजे दशावतारात मृदंगाला चिकटून बसायचं आणि मागच्या माणसाची कुजबुज ऐकायची. दोघांच्या फ्रिक्वेन्सीही एकमेकांत मिसळलेल्या, त्यामुळे नुसता फिल्टर लावून भागत नाही. आधी ठोक्याच्या आसपासचा तुकडाच टाकून द्यायचे, पुढे कॉम्प्युटरने ठोक्याचा नमुना ओळखून तेवढाच वजा करायची सोय झाली आणि मग त्वचेवरचं ईएमजी खऱ्या अर्थाने वॉर्डात वापरता यायला लागलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) त्रास उसळून ॲडमिट झालेल्या पेशंटच्या छातीवर, उरोस्थीच्या म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूला हे मोजलं आणि कोण सुधारतोय, कोण बिघडतोय याचा अंदाज येतो हे दाखवलं.

कोकणात याचं महत्त्व मला दोन टोकांना दिसतं. एक म्हणजे चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली बाई, तिचा मेंदू जोरात हुकूम देतोय, स्नायू जिवाच्या आकांताने ओढतायत, सिग्नल मोठा, तरी हवा कमीच. दुसरं टोक मण्यारीचं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज नाही, दुखणंही फारसं नाही, पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास. तिचं विष नसेचं टोकच निकामी करतं, हुकूम निघतो पण स्नायूपर्यंत पोचत नाही, म्हणजे इथे सिग्नलच मावळतो. दोघांनाही गुदमरतंय, पण आतली गोष्ट उलटी! सर्पदंशात डॉक्टर एका श्वासात आकडे मोजायला लावतात ती साधी चाचणी उत्तमच आहे आणि मशीनची वाट बघत कोणी थांबू नये, प्रतिविष आणि व्हेंटिलेटर हेच आधी.

अडचणी अजून आहेत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्याच्या पोटावर इलेक्ट्रोड लावले तर ओढण्याचं किती आणि श्वासाचं किती हे वेगळं काढणं अवघड, चरबी जाड असेल तर सिग्नल दबतो, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत घामाने इलेक्ट्रोड सुटतात, त्यामुळे त्वचा नीट पुसून कोरडी करण्यात वेळ घालवावाच लागतो. युरोपात १९९० च्या दशकात सेनियम प्रकल्पाने हातपाय, खांदा, पाठीच्या स्नायूंसाठी इलेक्ट्रोड कुठे लावायचे याचे नियम केले, श्वासाचे स्नायू त्यात आलेच नाहीत. डायफ्रॅमसाठी बहुतेक जण बरगड्यांमधली सातवी-आठवी फट घेतात, पॅरास्टर्नलसाठी, म्हणजे उरोस्थीलगतच्या बरगड्यांमधल्या स्नायूंसाठी, दुसरी. आणि सिग्नल किती मायक्रोव्होल्टचा (व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचा) आला हा आकडा एकटा लिहून उपयोग नाही, त्याच पेशंटला नाकाने होईल तितक्या जोरात श्वास ओढायला लावायचा आणि त्याच्या किती टक्के आलं ते लिहायचं, तरच आजचं माप उद्याच्या मापाशी ताडून बघता येतं.