कॅसेटवरचे चेहरे लांबट का होतात?

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटची डिजिटल फाईल संगणकावर उघडली की चेहरे किंचित लांबट दिसतात आणि तीच फाईल नव्या रुंद टीव्हीवर लावली की सगळे वऱ्हाड फुगल्यासारखे दिसते. अशा वेळी कॅसेट खराब झाली, असा समज होतो. परंतु बहुतेक वेळा चित्र पूर्ण शाबूत असते आणि ते किती रुंद दाखवायचे एवढीच माहिती चुकलेली असते.

भारतात कॅसेटच्या काळात वापरल्या गेलेल्या पाल या टीव्ही-चित्रपद्धतीत चित्राच्या एकूण 625 रेषा असून त्यांपैकी 576 रेषांत दृश्य असते. रेषांची संख्या ठरलेली असल्यामुळे उंचीचा हिशेब सोपा आहे. मात्र प्रत्येक रेष ही सलग विद्युतसंदेश असते, तिला मुळात पिक्सेल, म्हणजे चित्राचे सुटे ठिपके, नसतात. तिचे किती तुकडे करायचे हे 1982 साली आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवले : सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने, आणि त्यांपैकी एका रेषेत चित्रासाठी साठवायचे 720. हा आकडा युरोप-भारतातील 625 रेषांच्या आणि अमेरिका-जपानमधील 525 रेषांच्या, अशा दोन्ही पद्धतींना चालावा म्हणून निवडला गेला. पिक्सेल चौरस असावा ही अट त्यात नव्हती.

त्यामुळे 720 गुणिले 576 या चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण 5:4 भरते, तर टीव्हीचा पडदा 4:3 होता. पिक्सेल चौरस धरले तर चित्र सुमारे 6 टक्क्यांनी अरुंद होते, आणि योग्य आकारासाठी ते 768 गुणिले 576 असे दाखवावे लागते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटची गोष्ट उलटी असते. तिथल्या एनटीएससी पद्धतीची फाईल 720 गुणिले 480 असते, चौरस पिक्सेलांत ती रुंद दिसते आणि तिला 640 गुणिले 480 हा आकार द्यावा लागतो.

नेमका दोष ओळखण्यासाठी चित्रात वर्तुळ शोधावे. पंगतीतले ताट चालत नाही, कारण तिरक्या कोनातून ते लंबगोलच दिसते. कॅमेऱ्याच्या अगदी समोर असलेले भिंतीवरचे घड्याळ किंवा मंगल कार्यालयातला उभा पंखा घ्यावा आणि पडद्यावर पट्टीने त्याची रुंदी व उंची मोजावी. रुंदी 15 आणि उंची 16 या प्रमाणात आली, तर पालचे पिक्सेल चौरस धरले गेले आहेत. 9 आणि 8 आली, तर एनटीएससीबाबत तीच चूक झाली आहे. 4 आणि 3 आली, तर 4:3 चित्र नव्या टीव्हीच्या रुंद, 16:9 पडद्यावर ताणले गेले आहे. 3 आणि 4 आली, तर कॅमेऱ्याने रुंद चित्र दाबून साठवले होते आणि ते आता 4:3 म्हणून उलगडले जात आहे. मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटच्या कॅमेऱ्यांच्या फितींत हे आढळते.

दुरुस्ती करताना आधी फाईलमधली प्रमाणाची नोंद बदलून पाहावी. एफएफएमपेगसारखे मोफत साधन मूळ चित्राला हात न लावता ही नोंद बदलू शकते, त्यामुळे गुणवत्तेत तसूभरही घट होत नाही. काही मोबाइल व ॲप ही नोंद पाळत नाहीत. नातेवाइकांना पाठवण्यासाठी चौरस पिक्सेलांची वेगळी प्रत करावी आणि मूळ फाईल जपून ठेवावी. ही प्रत करताना 576 ही उंची तशीच ठेवून फक्त रुंदी बदलणे मला अधिक योग्य वाटते. पालचे प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांचे बनलेले असते आणि त्या दोहोंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. ती अर्धी चित्रे आधी वेगळी न करता उंची बदलली, तर दोन क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या हातांभोवती न निघणारे करवती दाते उमटतात.

डाव्या-उजव्या कडेला दिसणाऱ्या बारीक काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे, त्या कापून उरलेले चित्र पुन्हा ताणत बसण्याची गरज नसते. रेषेतला दृश्य भाग 52 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे 702 नमुन्यांचा असतो आणि उरलेले नमुने मोजमापातली मोकळी जागा असतात. काटेकोर हिशेबाने 702 नमुन्यांनाच 768 ची रुंदी मिळायला हवी. पण हा फरक अडीच टक्क्यांच्या आसपास असल्याने सहसा नजरेला जाणवत नाही.

रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना उरणाऱ्या मोठ्या काळ्या जागेचे मात्र अनेकांना वावडे असते. ती भरण्यासाठी चित्र वर-खाली कापले, तर उंचीचा चौथा भाग जातो, आणि बोहल्यावरच्या दृश्यात त्या भागात वराचा फेटा किंवा वधूच्या हातातला हार असू शकतो. ती जागा काळीच राहू द्यावी.