हिऱ्याची प्रतवारी

पैलू पाडलेल्या हिऱ्याचे वजन, रंग, निर्मळपणा आणि घडण तपासून त्याची प्रत ठरवण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून बाजारात तिला ‘फोर सी’ म्हणतात : कॅरेट, कलर, क्लॅरिटी, कट. आज जगभर चालणारी मापे अमेरिकेतील जीआयए (स्थापना १९३१) या संस्थेने १९५०च्या दशकात रूढ केली. हिरा पारखण्याची विद्या मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या दोषांना काकपद, मक्षिका, केश अशी नावे आहेत. कावळ्याच्या पायासारखी चीर, माशीसारखा ठिपका, केसासारखी रेघ; आजचा पारखी दहापट भिंगातून हेच शोधतो.

‘कॅरेट’ या शब्दाने गिऱ्हाइकाचा हमखास गोंधळ होतो. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा वजन. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. पावतीवर ‘हिरे ३० सेंट’ असे असेल तर तो एकच खडा आहे की दोन-दोन सेंटचे पंधरा, हे विचारलेच पाहिजे. वजन तेच, पण एकट्या खड्याची किंमत कितीतरी जास्त. खडा मोठा होतो तसा दर कॅरेटचा भावही चढतो, आणि ५० सेंट, १ कॅरेट अशा टप्प्यांवर उडी घेतो. म्हणून ९५ सेंटचा खडा डोळ्यांना कॅरेटभराचाच दिसतो, पण स्वस्त पडतो.

रंगाची मोजणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत : डी पूर्ण रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. ए, बी, सी ही अक्षरे जुन्या पद्धतींत वाटेल तशी वापरली गेली होती, म्हणून ती सोडून दिली. रंग पाहताना सुटा खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवतात, कारण सुलट्या खड्याचा लखलखाट पिवळेपणा झाकतो. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात ‘जी’ किंवा ‘एच’ रंगाचा हिरा बहुतेकांना पांढराच वाटतो. निर्मळपणाच्या ‘एफएल’ (निर्दोष) पासून ‘आय३’ (सर्वांत सदोष) पर्यंत अकरा पायऱ्या आहेत. ‘व्हीव्हीएस’मधले दोष भिंगातूनही मुश्किलीने सापडतात, तर ‘व्हीएस’चा हिरा नुसत्या डोळ्यांना स्वच्छच दिसतो. अंगठी भिंगातून बघायची नसते, तेव्हा इथे वाचलेला पैसा घडणीवर घालावा.

कारण हिऱ्याचे ‘पाणी’ घडणीत असते. वजन, रंग, दोष निसर्गाकडून येतात. पैलू माणूस पाडतो. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आदळून पुन्हा वर आला तर खडा पेटल्यासारखा दिसतो. घडण उथळ असेल तर प्रकाश खालून निसटतो आणि खडा काचेसारखा मंद वाटतो. फार खोल असेल तर मध्यभागी काळोखी येते, शिवाय वजन बुडाशी दडते. नीट घडलेला १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा भरतो. प्रमाणपत्रावर वजनाशेजारी हे मापही वाचावे.

वजन की चमक, हा पेच नाशिकच्या हिऱ्याने सोसला आहे. त्र्यंबकेश्वरचा हा ‘नासक’ हिरा १८१८ साली मराठेशाहीच्या शेवटी इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. आधी लंडनला आणि मग १९४० साली न्यूयॉर्कला पुन्हा पैलू पाडल्यावर ४३.३८ कॅरेट उरला. झळाळी वाढली, निम्म्याहून अधिक हिरा गेला. आपल्या मातीतले हे रत्न परत आले नाही, याची हळहळ वाटतेच.

प्रमाणपत्र दुकानाचे नव्हे, जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचे घ्यावे. बऱ्याच खड्यांच्या कडेवर त्याचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. सराफाकडून भिंग मागून तो जुळवावा. मंगळसूत्राच्या वाट्यांतल्या बारीक हिऱ्यांना प्रत्येकी प्रमाणपत्र मिळत नाही, तिथे पूर्ण दागिन्याचे मिळते. हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत वाढवलेला, हेही त्यावर लिहिलेले हवे. दोन्ही कार्बनच, डोळ्यांना सारखेच, पण प्रयोगशाळेतला पुष्कळ स्वस्त असतो. दुकानातले उष्णतेवर चालणारे टेस्टर दोघांनाही हिराच म्हणते, आणि मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या खड्यालाही. घण मारून पाहण्याच्या फंदात तर पडूच नये : हिऱ्यावर ओरखडा उठत नसला, तरी स्फटिकाच्या चार दिशांनी तो एका घावात दुभंगू शकतो.